अण्णांच्या 'चला'विषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मेंदूला इजा होऊन अण्णांची वाचा गेली, त्याविषयी परवा बोललो, फोन ठेवला आणि तुझं एक वाक्य डोक्यातून जाईना. "अण्णांना आता काही कळत नाही रे, काहीही विचारा, चला-चला एवढंच म्हणतात." मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता. म्हणजे तू हे त्यांच्यासमोर बोललास. रागावू नकोस, तुझी झोप उडालीये हे मला कळतं. पण फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या इस्पितळात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण २१ वर्षं होता. तिशीच्या सुमारास त्याची वाचा गेली आणि एकच उच्चार उरला, 'तां'. तोही बहुतेक वेळा जोडीनं, 'तां तां'. सगळे त्याला त्याच नावानं ओळखायचे. काही वर्षांनी उजवा हात लुळा पडला, मग पाय. एप्रिल १८६१ मध्ये त्या पायाला गँगरीन झालं, म्हणून त्याला शस्त्रक्रियेच्या विभागात हलवलं. तिथे तो पॉल ब्रोका या सर्जनच्या हाती आला.

ब्रोकानं विचारलं, इथे किती वर्षं झाली? लबोर्न्यनं डावा हात उघडला, पाची बोटं दाखवली, मिटला. पुन्हा उघडला. असं चारदा. मग फक्त एक बोट. एकवीस, अगदी बरोबर! दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तो भडकला, आपली परीक्षा चाललीये हे त्याला उमगलं होतं, आणि त्याच्या तोंडून एक सणसणीत शिवी बाहेर पडली. ज्याला 'तां'पलीकडे काही बोलता येत नव्हतं, त्याच्या तोंडून!

ही बोटं मी किती वेळा डोळ्यांसमोर आणली असतील. इतरांना तिथे एक मुका, पांगळा माणूस दिसत होता. ब्रोकाला दिसलं की याला कळतंय, मोजता येतंय, चिडताही येतंय, जीभ आणि ओठही हलताहेत. गेलंय ते फक्त बोलणं. कळणं आणि बोलणं अशी वेगवेगळी होऊ शकत असतील, तर मेंदूत त्यांच्या जागाही वेगळ्या असणार.

हा वाद तेव्हा पॅरिसमध्ये जोरात चालू होता. त्याआधी व्हिएन्नात फ्रान्झ योसेफ गाल या डॉक्टरानं मनाच्या २७ शक्तींची मेंदूत २७ ठिकाणं मांडली होती आणि कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगता येतो म्हणाला होता. उंचवट्यांचं सगळं चूक निघालं. पण वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या जागा, हा विचार त्याच्यामुळेच चर्चेत आला. उलट फ्लुराँस या फ्रेंच शास्त्रज्ञानं कबुतरांच्या मेंदूचे भाग काढून पाहिले आणि मोठा मेंदू एकसंधपणेच काम करतो असं ठामपणे सांगितलं. गालचं नाव इतकं बदनाम झालं होतं की त्याच्या बाजूनं बोलणं म्हणजे आपली अब्रू पणाला लावणं. तरीही ओबुर्तां नावाचा डॉक्टर जाहीरपणे म्हणत होता की वाचा कपाळामागच्या भागात आहे. ब्रोकानं त्यालाच बोलावून लबोर्न्य दाखवला.

१७ एप्रिलला लबोर्न्य गेला. शवविच्छेदनात डाव्या बाजूला, कपाळामागे, कोंबडीचं अंडं मावेल एवढी पोकळी सापडली. काही महिन्यांनी ललाँ नावाचा ८४ वर्षांचा दुसरा रुग्ण आला. त्याच्याकडे पाचच शब्द उरले होते, आणि त्याचीही इजा तिथेच निघाली. पुढे असे रुग्ण जमत गेले. १८६५ मध्ये ब्रोकानं लिहिलं की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागानं बोलतो. १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके या जर्मन डॉक्टरानं उलट प्रकार दाखवला: कानाच्या वरच्या बाजूला, मागे इजा झालेले लोक भराभर बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं म्हणणं त्यांना समजत नाही.

मधल्या काळात बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीज देऊन पाहिली. एका जागी दिली की विरुद्ध बाजूचा पाय हलायचा. ते १८७० साल.

जपानचे नेत्रवैद्य तात्सुजी इनोऊये यांचं काम मला फार जवळचं वाटतं. रशियाशी झालेल्या युद्धातल्या जखमी सैनिकांची दृष्टी किती गेली, हे पेन्शनसाठी ठरवणं हे त्यांचं काम होतं. गोळी डोक्यात कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली, या दोन भोकांमधून सरळ रेघ ओढायची आणि माणसाला कुठला भाग दिसत नाही ते त्यासमोर मांडायचं. अशा सैनिकांवरून त्यांनी डोक्याच्या मागच्या भागात दृष्टीचा नकाशा काढला. हे सगळं ज्ञान असंच, कुणाच्या तरी जखमेतून आलंय.

आणि गोष्ट तिथेच थांबत नाही. ब्रोकानं लबोर्न्यचा मेंदू न कापता जपून ठेवला होता. २००७ मध्ये त्याचा एमआरआय प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की इजा ब्रोकाला दिसली त्याहून खूप खोल गेली होती, भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत. म्हणजे बोलणं एका खोलीत बंद नसतं, खोल्यांमधल्या वाटांवरही असतं.

तुझ्या डॉक्टरांनी अण्णांच्या मेंदूतली इजा डाव्या बाजूला, पुढे, असं सांगितलंय ना? मग अण्णांना तुझं बरंच काही कळत असण्याची दाट शक्यता आहे. नेमकं किती, ते स्पीच थेरपिस्ट तपासून सांगेल, त्यात हयगय करू नकोस. आणि हेही करून बघ: लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गाणं त्यांच्यासोबत म्हण, एकपासून दहापर्यंत मोज. बोलता न येणाऱ्यांच्या तोंडून गाण्याचे शब्द, मोजणी, शिव्याही कधीकधी सहज निघतात. लबोर्न्यची शिवी निघाली तशीच.

त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी 'ते' म्हणून बोलू नकोस. प्रश्न छोटा विचार, आणि मग थांब. आपण घाईत असतो, उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न टाकतो.

मी शनिवारी येतोय. त्याआधी अण्णांना विचार, मी त्यांच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा कितवीत होतो. त्यांचा डावा हात मोकळा ठेव, आणि बोटांकडे बघ.

तुझा,
विनय