तो नुसता स्पीकर नव्हता

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या साफसफाईत जुने कॉम्प्युटर लगेच काढून टाका असं तुमच्या पेपरात वाचलं, आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझ्या मामांकडे एक कॉम्प्युटर होता. ॲपल कंपनीला २० वर्षं झाली म्हणून त्यांनी १९९७ मध्ये काढलेला ट्वेंटिएथ ॲनिव्हर्सरी मॅकिंटॉश, जगभरात मिळून साधारण १२ हजारच नग. सुरुवातीची किंमत ७,४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं अडीच लाखांच्या वर! पुढच्याच वर्षी ती १,९९५ वर आली तेव्हा मामा अमेरिकेतच होते, त्यांनी घेऊन टाकला आणि इंदूरला परत येताना सगळ्यात आधी तोच पॅक केला. घरोघरी डबड्यासारखे मॉनिटर होते त्या काळात हा जेमतेम अडीच इंच जाड, १२.१ इंचाचा सपाट स्क्रीन, त्याच्याखाली समोरच उभी फिरणारी सीडी. कीबोर्डला तळहात टेकायला खरं चामडं लावलंय, आणि डावीकडचं चामडं मामांच्या हातानं गुळगुळीत, काळसर झालंय. मी अजून त्यावरून हात फिरवतो.

मामा गेल्यावर एकदा स्क्रीन लागेना, म्हणून मी इथल्याच एका दुकानात दुरुस्तीला दिला. महिन्याभरानं गेलो तर स्क्रीन आणि कीबोर्ड परत, केबलनं जोडलेलं खालचं वेगळं युनिट गायब. विचारलं तर म्हणे, "वो तो पुराना स्पीकर था भिया, अटाले में दे दिया." अटाला म्हणजे भंगार.

अहो, तो नुसता स्पीकर नव्हता! या मशीनची साऊंड सिस्टिम बोस कंपनीनं केलेली, त्यातला सबवूफर, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा स्पीकर, त्या युनिटमध्ये हे खरं, पण अख्ख्या मशीनचा पॉवर सप्लायही त्यातच असतो आणि एका जाड केबलमधून वर जातो. ते नसेल तर वरचं सगळं नुसतं शोभेचं. चालू करताना जो सूर वाजतो तो ॲपलनं याच मॉडेलसाठी वेगळा ठेवला होता, आता तो आमच्या घरात वाजत नाही. चूक माझीही आहे, पावतीवर नुसतं "जुना कॉम्प्युटर, १ नग" लिहिलं ते मी चालवून घेतलं. तेव्हा तुम्ही काही दुरुस्तीला द्याल तर वायर, डबा, रिमोट, एकेक वस्तू पावतीवर लिहून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आणि आपलं इंदूर ओला-सुका कचरा इतका नीट वेगळा करतं, स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येतं, तर अटालेवाल्यांनी अशी जुनी मशीन फोडण्याआधी चार दिवस बाजूला ठेवली आणि जाणत्या माणसाला दाखवली तर काय बिघडेल? तांब्याच्या भावापेक्षा जास्त पैसे देणारी माणसं आहेत, मीच आहे. आत्तापर्यंत तीन अटालेवाल्यांकडे जाऊन आलोय, दर रविवारी आणखी एकाकडे जातो.

कुणाच्या नजरेस काळपट रंगाचं, गोलसर, एकच जाड केबल बाहेर आलेलं वजनदार युनिट पडलं तर प्लीज या पेपरच्या ऑफिसात कळवा, माझा नंबर तिथे देऊन ठेवलाय. केबल कापलेली असली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर