अंदाज वेधशाळेचा, काम कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मान्सून कधी येणार याचा अंदाज वेधशाळेने जाहीर केला की त्याची बातमी पहिल्या पानावर येते. खडकवासल्यात पाणी किती साठेल आणि पेरण्या कधी होतील याची चर्चा सुरू होते. त्याच अंदाजावरून ताप, जुलाब आणि उष्माघाताचे रुग्ण कधी वाढतील, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. सिंहगड रस्त्यावर बावीस वर्षे औषधांचे दुकान चालवताना हा प्रश्न मला दर वर्षी दोनदा पडतो, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये, आणि दोन्ही वेळा तो उशिराच पडतो. जलसंजीवनीची पाकिटे संपली की ऊन वाढल्याचे कळते. प्लेटलेटचा अहवाल हातात घेऊन माणसे पायरीवर उभी राहिली की डासांची पैदास तीन-चार आठवड्यांपूर्वीच होऊन गेल्याचे कळते.

हे पुण्यात घडावे याचे अधिक वाईट वाटते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले आणि पुढे दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या चौकाला आपण आजही शिमला ऑफिस म्हणतो. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे आणि विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाही याच शहरात आहे. आभाळाची आणि आजाराची इतकी जाणकार मंडळी क्वचितच एका गावात सापडतील. त्यांचे म्हणणे क्षेत्रीय कार्यालयातील आरोग्य निरीक्षकाच्या कामाच्या वहीत कोणत्या रकान्यात उतरते, हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

उन्हाचेच पाहू. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा ते थेट ४५ अंशांवर गेले असेल, तर उष्णतेची लाट मानण्याचा खात्याचा निकष आहे. एप्रिलमध्ये पुण्याची सरासरीच ३८ अंशांच्या आसपास असल्याने, पारा ४१ वर गेला तरी ‘लाट’ हा शब्द उच्चारला जात नाही आणि तो उच्चारला न गेल्याने कोणी हलत नाही. देशभराच्या हवामानाची वर्गवारी करायला हा निकष योग्यच आहे, परंतु पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, दुपारी बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बाईच्या शरीराला तो ठाऊक नसतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमानंतर चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हाही त्या परिसरातील तापमान चाळिशीच्या आतच होते. दमट हवा आणि उघड्यावर काढलेले कित्येक तास यांनी घात केला.

अहमदाबादने या बाबतीत वेगळी वाट धरली. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा आखला. स्थानिक तापमान आणि मृत्यू यांचा मेळ घालून इशाऱ्याच्या पातळ्या ठरवल्या आणि इशारा आल्यावर महापालिकेत कोणी काय करायचे हे आधीच लिहून ठेवले. पुण्याला नवे यंत्र बसवण्याआधी ही वही हवी आहे.

त्या वहीत काय असावे, याबद्दल औषध दुकानदार म्हणून एक भर घालतो. रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना लघवी वाढवणाऱ्या, म्हणजे बोलीभाषेत ‘पाणी काढणाऱ्या’, गोळ्या चालू असतात. कडक उन्हाळ्यात अशा रुग्णाच्या शरीरातील पाणी आणि क्षार लवकर घटतात, म्हणून डॉक्टरांना विचारून मात्रा तपासून घेणे गरजेचे असते. इन्सुलिन उष्णतेने खराब होते. माझे काही ग्राहक घरात फ्रिज नसल्याने ते माठाच्या ओल्या बुंध्याशी ठेवतात आणि साखर का वाढली म्हणून मलाच विचारतात. चार दिवस आधी इशारा आला, तर या लोकांना गाठता येते. दुपारी दोन वाजता मोबाइलवर आलेल्या लाल-केशरी नकाशाने ते होत नाही.

डेंगीचा विषय तर याहून सोपा असायला हवा होता. पाषाणच्याच संस्थेतील शास्त्रज्ञांचा पुण्यावरील अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात २७ ते ३५ अंश तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि मध्यम पण सारखा विभागून पडणारा पाऊस एकत्र आला की डेंगी बळावतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तर अळ्या वाहून जातात आणि प्रादुर्भाव घटतो, असे त्यांना दिसले. याआधारे दोन महिन्यांहून अधिक आधी पूर्वसूचना देता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. हे शक्य झाले ते पुण्याच्या आरोग्य विभागाच्या नोंदी उपलब्ध झाल्या म्हणून. अशा नोंदी वेळच्या वेळी मिळाल्या नाहीत, तर पूर्वसूचनाही पुढे सरकणार नाही.

एडिस डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. हवामान खाते दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा अंदाज देते. तो पाहून, असा मध्यम पाऊस कोणत्या आठवड्यात पडत राहणार हे ओळखून, त्या आठवड्याच्या सुरुवातीसच घरोघरची तपासणी करता येईल. सध्या ‘कोरडा दिवस’, म्हणजे साठवलेल्या पाण्याची भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळण्याचे आवाहन येते ते बहुधा रुग्णसंख्येची बातमी छापून आल्यानंतर. (आमच्या सोसायटीत तर तो पाळला जातो टाकी धुण्याच्या दिवशी, कारण तेव्हा नाही तरी पाणी नसतेच.)

पुराचेही तेच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा माणसे बाहेर काढण्याची धावपळ योग्यच होती. पण गढूळ पाण्यातून चाललेल्यांत लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा, ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, म्हणजे चिखल काढून सगळे आपापल्या कामाला लागल्यावर. अतिवृष्टीचा इशारा मिळताच त्या पंधरवड्याचीही आखणी व्हायला हवी.

माझी सूचना साधी आहे. महापालिकेने दर शुक्रवारी क्षेत्रीय कार्यालयनिहाय एक पान काढावे. येत्या पंधरा दिवसांतले हवामान, त्यातून संभवणारे आजार आणि त्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याचे पद, एवढेच त्यावर असावे. ते दवाखाने, शाळा, मजूर अड्डे आणि औषधांच्या दुकानांत लावावे. अंदाज कधी चुकेल, हे मान्य आहे. चुकलेल्या अंदाजापायी जलसंजीवनीची चार खोकी माझ्याकडे पडून राहिली, तर मुदत संपेपर्यंत ती खपतील.

उलट दिशेनेही मदत होऊ शकते. तापाच्या गोळ्या आणि जलसंजीवनी यांची रोजची विक्री माझ्या संगणकात असते आणि रुग्णांची नावे वगळून ती दर आठवड्याला द्यायला मी तयार आहे. परिसरातील आणखी काही दुकानदारांशी बोललो आहे, त्यांचीही ना नाही. ही माहिती महापालिकेत कोणत्या टेबलावर द्यायची, एवढे आम्हाला कळावे.

आपला,
एक औषध दुकानदार,
सिंहगड रस्ता, पुणे