गॅसचा अलार्म छताला लावून काय उपयोग?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हल्ली आमच्या पेठेत गॅस लीक झाला की बोंबलणारी डबी घरोघरी बसायला लागलीय, चांगलंच आहे, पण बसवतात कुठं तर पार वर, एक्झॉस्ट फॅनच्या शेजारी! शेजारच्या काकूंकडं वायरमननं तिथंच ठोकली आणि पैसे घेऊन गेला. अहो, टाकीतला गॅस म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेन, प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्युटेन तर जवळजवळ दुप्पट, तो वर कशाला जाईल, तो फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या ट्रॉलीत साठतो, मोरीच्या जाळीतनं खाली उतरतो. वरच्या डबीला पत्ता लागेपर्यंत खाली सगळा कारभार झालेला असतोय. टाकी असेल तर डबी फरशीपासनं फूटभर उंचीवरच पाहिजे. पाइपनं येणारा गॅस मात्र मिथेन, तो हवेपेक्षा हलका, त्याला वरच लावायची. विकणाऱ्यानं घरात टाकी आहे का पाइप एवढं तरी विचारावं की नाही?

नाकावर तर फार भरवसा ठेवू नये. मूळ गॅसला वासच नसतो, तो घाण वास मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा, आणि सर्दी झालेल्याला, वयस्कर माणसाला तो पटकन येत नाही. बरं वास आला की आपण आधी काय करतो तर लाइट लावून बघतो! बटण चालू करताना काय नि बंद करताना काय, ठिणगी पडतेच, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस झाला तरी पेट घ्यायला पुरतो. काहीजण तर काडी ओढून लीक शोधतात, त्यांना कोपरापासनं नमस्कार. साबणाचं पाणी लावा, जिथं बुडबुडे तिथं लीक. घरभर वास असेल तर ते पण करत बसू नका, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.

आता एजन्सीवाल्यांबद्दल. टाकी देताना वजन आणि लीक तपासून द्यायची असा नियम आहे, पण आमच्याकडं पोरगं टाकी उंबऱ्यात आदळतं आणि पळतं. त्याची तरी काय चूक म्हणा, दिवसभर जिने चढायचे आणि वर एजन्सीची घाई. पण सील काढून व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी टाकायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं, मिनिटाचं काम आहे, आतला व्हॉल्व्ह गळत असला तर तिथंच कळतं. ते केल्याशिवाय त्याला ओटीपी सांगू नका.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर