धुता येणाऱ्या फ्लॅट्स : लोकर आणि प्लॅस्टिक एकाच मापाने मोजू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्त्रियांच्या फ्लॅट्सच्या, म्हणजे सपाट टाचेच्या बुटांच्या, जाहिरातींत ‘मशीनमध्ये धुता येतात’ हे शब्द आता सर्रास दिसतात. लोकरमिश्रित विणीच्या जोडीवरही ते असतात आणि टाकून दिलेल्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याच्या जोडीवरही. घेणारीचा साहजिकच समज होतो की धुण्याच्या बाबतीत दोन्ही सारख्याच. तसे अजिबात नाही. प्लॅस्टिकची वीण वारंवार धुवावी लागते आणि तिला ते सोसते. लोकरीची क्वचितच धुवावी लागते, आणि ती धुताना फार जपावे लागते. कोणती जोडी घ्यायची हे रंगापेक्षा या एका गोष्टीवर ठरवावे.

फरक तंतूतच आहे. लोकर म्हणजे केराटिन या प्रथिनाचा केस, आणि त्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. वीण आटते, जाड होते, तिचा नमदा होतो. ‘सुपरवॉश’ लोकरीत खवले क्लोरीनने बोथट करून वर रेझिनचा पातळ थर दिलेला असतो. तिला घुसळण बऱ्यापैकी सोसते, तरी कढत पाणी तिलाही नकोच. पॉलिएस्टरचा, म्हणजे बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचा, तंतू मात्र गुळगुळीत. त्यात अडकायला काही नाही आणि तो पाणीही जवळजवळ पीत नाही. सर्वसाधारण हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरून असते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही.

फ्लॅट्स बहुधा मोज्यांशिवाय घातल्या जातात, त्यामुळे घाम थेट कापडात आणि सुकतळ्यात (पायाखालच्या आतल्या तळात) उतरतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्यातले घटक जिवाणू फोडतात तेव्हा तो येतो. लोकर घामाची वाफ तंतूच्या आत ओढते, वासाची बरीचशी द्रव्येही आत धरून ठेवते आणि वरून कोरडी राहते. पॉलिएस्टर पाण्याला दूर ठेवते, पण तेलाला घट्ट धरते. त्वचेचा तेलकटपणा टाचेशी आणि चवड्याखाली साचतो आणि त्यावर जिवाणू पोसतात. म्हणून रोजच्या वापरातली प्लॅस्टिकची जोडी आठवड्या-दोन आठवड्यांनी धुणे भाग असते. लोकरीची महिन्या-दोन महिन्यांनी धुतली तरी चालते. एरवी रात्रभर वाऱ्यावर ठेवली की तिचे भागते.

प्लॅस्टिकची जोडी धुताना आधी सुकतळे काढून घ्यावेत. चिकटवलेले असतील तर ओढू नयेत. टाचेच्या आतल्या तेलकट पट्ट्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून जुन्या मऊ टूथब्रशने चोळावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे. नुसत्या मशीनच्या धुण्याने हा थर पुरता निघत नाही आणि ‘धुतले तरी वास जात नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. मग जाळीच्या पिशवीत घालून सौम्य फेरा, पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आत, स्पिन मिनिटाला ४०० ते ६०० फेऱ्यांचा. सोबत एखादी जुनी सुती चादर टाकावी, म्हणजे बूट ड्रमवर आपटत नाहीत. टॉवेल नको, त्याचे तंतू विणीत अडकतात. डिटर्जंट कपड्यांना घालतो त्याच्या निम्म्याहून कमी पुरते. जास्त झाले तर ते विणीत राहते, पाय ओला झाला की फेस येतो आणि कातडी खाजते. फॅब्रिक सॉफ्टनर मुळीच घालू नये. त्याचा तेलकट थर वास धरून ठेवतो.

पॉलिएस्टरला याहून गरम पाणी चालते, मग ३० अंशांचा आग्रह कशाला? कारण बुटातला सगळ्यात नाजूक भाग कापड नसून सोल धरून ठेवणारा गोंद आणि आतला फोम असतो. उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि सोल चवड्यापाशी उकलू लागतो, कारण चालताना बूट तिथेच वाकतो. ईव्हीए या हलक्या, लवचिक प्लॅस्टिक फोमचा सुकतळा कडक उन्हात ठेवला तर त्याच्या कडा वर वळतात आणि तो आखडतो. परत बसवल्यावर पुढे बोटभर जागा मोकळी राहते आणि अंगठ्याखाली कड टोचते.

लोकरमिश्रित जोडीच्या लेबलावर मशीनची परवानगी असली तरी हातानेच धुवावी असे आमचे ठाम मत आहे. घमेल्यात गार पाणी आणि लोकरीसाठीचे सौम्य लिक्विड छोटा चमचाभर. पावडर नको, ती अल्कधर्मी असते आणि लोकर अल्कलीत खराब होते. डिटर्जंटच्या घटकांत ‘प्रोटीएज’ असेल तर तेही बाजूला ठेवावे. प्रथिनांचे डाग खाणारे हे एन्झाइम आहे आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे. क्लोरीनचे ब्लीच तर लोकर विरघळवूनच टाकते. पाच मिनिटे बुडवून फक्त दाबावे, चोळू नये. खळबळायचे पाणीही तितकेच गार हवे. पिळू नये. कोरड्या कापडात गुंडाळून तळव्याने दाबले की बरेच पाणी निघते. चिखल लागला असेल तर तो आधी पूर्ण वाळू द्यावा आणि ब्रशने झाडावा. ओला चोळला तर आत जातो.

खरी गफलत वाळवताना होते. दोन्ही जोड्यांत पांढरा कागद किंवा सुती फडके चवड्यापर्यंत सैलसर भरावे, दोन तासांनी बदलावे आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावे. ड्रायर नाही, हीटर नाही, ऊन नाही. छापील वर्तमानपत्र भरू नये, फिक्या विणीला शाई लागते. प्लॅस्टिकची वीण लवकर वाळते. लोकरीची हाताला कोरडी लागते तेव्हाही तंतूच्या आत पाणी असते. यावर साधा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. धुण्याआधी कोरडा बूट सुकतळ्यासह तोलून आकडा लिहून ठेवावा आणि वजन पुन्हा तेवढे झाल्याशिवाय घालू नये. दमट सुकतळ्यासकट घातलेली जोडी, मग ती कसलीही असो, दोन दिवसांत कुबट होते.

मापाचे थोडक्यात. लोकरीची वीण वापराने पायाच्या आकारात सैलावते, म्हणून ती नेमकी बसणारी घ्यावी. प्लॅस्टिकची फारशी सैलावत नाही, दुकानात बोटांना दाबते ती पुढेही दाबतच राहते. लोकरीवर गोळे येतात, ते कात्रीने कापावेत, ओढू नयेत. आणि ठेवणीत टाकण्याआधी ती धुतलेलीच हवी. कसरीच्या अळ्या घामट लोकरीवर आधी तुटून पडतात. पॉलिएस्टरला ही भीती नाही.

पर्यावरणाच्या दाव्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. बाटल्यांचा धागा झाला तरी तो प्लॅस्टिकच. प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर जातात. ‘पुनर्वापरातले’ हा शब्द अनेकदा फक्त वरच्या विणीपुरता खरा असतो, सोल नवाच असतो. दुसरीकडे, मजबुतीसाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेली लोकर टाकून दिल्यावर पूर्ण कुजत नाही. गोंदाने जोडलेले बूट सुटे करून परत कच्चा माल काढणे दोन्ही प्रकारांत जिकिरीचे. त्यामुळे जी जोडी जास्त दिवस टिकेल तीच बरी.

ज्यांचे पाय फार घामेजतात किंवा ज्यांना ओल्या रस्त्याने रोज चालावे लागते त्यांनी प्लॅस्टिकची घ्यावी. दिवसभर बंद खोलीत बसून काम असेल तर लोकरमिश्रित. एकच जोडी घ्यायची असेल तर आमची पसंती प्लॅस्टिकच्या विणीला, पण आत लोकरीचा सुटा सुकतळा घालून. वरची वीण मशीनमध्ये जाते, सुकतळा वाऱ्यावर राहतो.

हे सगळे ग्राहकाला दुकानातच कळायला हवे. युरोपीय संघाच्या १९९४च्या निर्देशानुसार तिथे पादत्राणांवर वरचा भाग, अस्तर-सुकतळा आणि सोल कशाचे आहेत ते चिन्हांनी किंवा शब्दांत सांगावे लागते. पण त्यात कापडाचा एकच प्रकार आणि एकच चिन्ह आहे, लोकर असो वा पॉलिएस्टर. ‘लोकरमिश्रित’ म्हणजे दहा टक्के लोकर की सत्तर, ती बाहेर आहे की अस्तरात, हे त्यातून कळत नाही. उत्पादकांनी डब्यावर तंतूंची टक्केवारी, पाण्याचे कमाल तापमान, स्पिनची मर्यादा आणि सुकतळा सुटा आहे का, एवढे तरी छापावे.

आपल्या ग्राहक पानावर धुण्याची चिन्हेही एकदा छापावीत ही विनंती. टबातला ३० हा आकडा म्हणजे कमाल तापमान, टबाखाली एक रेघ म्हणजे सौम्य फेरा, दोन रेघा म्हणजे अतिसौम्य, टबात हात म्हणजे फक्त हाताने, फुलीचा त्रिकोण म्हणजे ब्लीच नको, आणि चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायर नको.

आपले,
पादत्राण व्यवसायातील काही वाचक