ऊसतोडीला गेलेल्या पेशंटमागे नोंद पाठवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. पेशंटचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही हा नियम तुम्ही आमच्या बाबतीत इतका कडक पाळलात की तुमचं नाव असं उघड्यावर लिहायला मलाच जड जातं. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात टीबीचं काम बघणाऱ्या एसटीएस, म्हणजे सरकारी कागदावरच्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, एवढी ओळख पुरे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारूनच लिहितेय. "लिही की, आता काय व्हायचंय," असं म्हणाले.

२०२४ च्या पावसाळ्यात अण्णांचा खोकला काही केल्या हटेना. ज्या गावाला बाजार त्या गावचा डॉक्टर, असं चाललं होतं. एकानं बाटली दिली, दुसऱ्यानं सलाईन लावलं, तिसऱ्यानं अँटिबायोटिक बदललं. एकाचा कागद दुसऱ्यानं पाहिला नाही, कारण अण्णांनी तो दाखवलाच नाही. घरी आलं की कागद पिशवीत आणि पिशवी खुंटीला. शेवटी ग्रामीण रुग्णालयात बेडका तपासला, ट्रूनॅटवर. हे मशीन गोव्याच्या मोल्बायो कंपनीचं, हे मला नर्सिंगला आल्यावर कळलं. टीबी आहे हे तर त्यानं सांगितलंच, शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल हेही त्याच नमुन्यावर कळलं.

मग तुम्ही नि-क्षय, म्हणजे टीबी पेशंटच्या नोंदींचं सरकारी पोर्टल, उघडून बसलात. मी शेजारी होते. वजन ४६ किलो, म्हणजे रोज तीन गोळ्या. एचआयव्हीची तपासणी. साखरेची तपासणी, आणि ती निघाली वाढलेली, जे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. हे सगळं त्या त्या रकान्यात गेलं. पत्त्याशी आलात आणि थांबलात. "तोडीला जाता का?" अण्णांनी मान हलवली. "मग दिवाळीनंतरचा पत्ता?" तो कुणाला माहीत! मुकादम नेईल तिकडं. अण्णा हळूच म्हणाले, "मुकादमाचा नंबर द्यावा लागतो का?"

"मुकादमाचा नको. पोरीचा द्या."

ताई, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे म्हटलं तरी चालेल. ज्यांना तोडीचं जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमानं उन्हाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिलेली असते आणि ती घरात केव्हाच खर्ची पडलेली असते. जोडीतला एक आजारी आहे असं मुकादमाच्या कानावर गेलं की तो उचल परत मागतो, नाहीतर हंगामभर टोचत राहतो. टोळीत कळलं तर पाण्याचा हंडा वेगळा होतो. डॉक्टरांनी अण्णांना जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण उचल फेडायची कशी, याचं उत्तर त्यांच्या चिठ्ठीत नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. जाणारच असाल तर गोळी चुकणार नाही एवढं बघू, एवढंच म्हणालात.

आमच्या घरात टीबी पहिल्यांदा आलेला नव्हता. चुलत्यांना झाला तेव्हा मी अंगणवाडीत होते. त्या काळी प्रत्येक पेशंटच्या नावाचा गोळ्यांचा खोका यायचा, नव्या पेशंटचा लाल, आधी उपचार झालेल्याचा निळा. आठवड्यातून तीनदा डोस. चुलत्यांचा लाल खोका उपकेंद्रात राहिला आणि ते ट्रकमध्ये बसून गेले. ट्रान्सफरचा कागदी फॉर्म तेव्हाही असायचा, पण गेल्यावर कोण मागणार आणि कोण पाठवणार? तिकडे खोकला वाढल्यावर एका दवाखान्यात नव्याने सुरुवात झाली. आधी काय घेतलं, किती घेतलं, केव्हा सोडलं, काहीच सांगता येईना. असं दोनदा झालं. पुढे औषधं लागू पडेनात, आणि ते गेले. नि-क्षय २०१२ मध्ये सुरू झालं. त्यांच्या वाट्याला ते आलं नाही.

अण्णांची गोष्ट वेगळी झाली ती इथून. २०२४ ला विधानसभेची निवडणूक होती, गाळप १५ नोव्हेंबरच्या पुढे ठरलेलं. दिवाळी झाली, टोळी निघाली. तुम्ही सांगून ठेवलं होतं, "पोचल्यावर गाव कळवा." अण्णांनी मला फोन केला, शिरोळ तालुका, कोल्हापूर जिल्हा. मी तुम्हाला गावाचं नाव पाठवलं. तुम्ही पोर्टलवर अण्णांची नोंद तिकडच्या युनिटला ट्रान्सफर केलीत. तिकडून ती स्वीकारल्याचं दिसेना, तर थेट तिथल्या एसटीएसना फोन लावलात. बटण दाबलं की काम संपलं असं धरून बसणारे मी आता वॉर्डात रोज बघते, म्हणून हा फोन मला जास्त वाटतो.

दोन दिवसांत तिकडचे एक सर मोटारसायकलवर फडाजवळच्या खोप्यांवर आले. मायनं मला हे इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं असल्यासारखं डोळ्यांपुढं येतं. बायका चुली पेटवत होत्या, बैलांना वाढे टाकलेले. सरांनी गाडी लावली आणि मोठ्यानं विचारलं, "शुगरचं पेशंट कोण हाय हितं?" अण्णा उठले. टोळीला वाटलं, साखर तपासणारा माणूस आलाय. नोंदीत मधुमेह लिहिलेला होता, त्याचीच ढाल केली त्या माणसानं. बाजूला नेऊन गोळ्यांची पाकिटं हातात दिली आणि सांगितलं, तुमचे पहिले दोन महिने या आठवड्यात भरतात, बेडका घेऊन या.

अण्णांनी तारीख सांगितली नव्हती. त्यांना ती माहीतही नव्हती.

शिकताना याचं महत्त्व मला कळत गेलं. पहिले दोन महिने गोळीत चार औषधं असतात. मग बेडका तपासायचा आणि पुढचे चार महिने तीन औषधांची गोळी. हा बदल नेमका गाव सुटतं त्याच दिवसांत पडला होता. तिथल्या डॉक्टरांपुढे नोंद नसती तर त्यांनी काय केलं असतं? पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं, किंवा अण्णांच्या तोंडच्या "झाले असतील दोन-अडीच महिने"वर विसंबले असते. त्यांनी स्क्रीनवर सुरुवातीची तारीख पाहिली, रिफाम्पिसिनचा निकाल पाहिला, वजन पाहिलं, बेडका निगेटिव्ह आल्यावर गोळी बदलली. आणि साखर. रिफाम्पिसिन चालू असताना मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी पडतो. अण्णांना मेटफॉर्मिन चालू होती, त्यांनी तीच ठेवली आणि साखर पुन्हा मोजली. दोन्ही आजार एका पानावर दिसत होते म्हणून हा विचार झाला.

याच हंगामात अण्णांना ताप आला होता. जवळच्या एका खासगी दवाखान्यात गेले. तिथं सगळं पुन्हा पहिल्यापासून: काय होतंय, किती दिवस, आधी काय घेतलं. अण्णांच्या खिशात आभा कार्ड होतं, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडायचा १४ आकडी सरकारी नंबर, लॅमिनेट केलेलं. ते कुणी मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी तिथं ते टाकायला संगणक नव्हता. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. नंबर भराभर निघाले. पण पेशंटच्या संमतीनं एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला दिसायची, तर दुसराही त्या जाळ्यात पाहिजे ना! गरीब माणूस तापाला पहिल्यांदा जातो तो अशाच एका खोलीच्या दवाखान्यात, आणि तिथं अजून वही-पेनच आहे. टीबीत हे जमलं, कारण तिथं एकच पोर्टल सगळ्या देशाला आणि प्रत्येक युनिटला एक माणूस नेमलेला. त्या माणसाचा पगार कंत्राटी, रेंज जाणारी, सर्व्हर दुपारी बसणारा. तुम्ही रात्री घरी स्वयंपाक आटोपून एन्ट्री करता, हे मला तुमच्या मेसेजच्या वेळांवरून कळलं.

मला हॉस्टेलवर मुली विचारतात, आपली सगळी माहिती अशी सरकारच्या संगणकात गेली तर भीती नाही वाटत? वाटते. एचआयव्हीचा निकाल, टीबी, बँकेचा खाते नंबर, सगळं एकाच ठिकाणी. ती चुकीच्या माणसाच्या हाती लागली तर आमच्यासारख्यांचं कामच जाईल. पण अण्णांच्या बाबतीत घडलं ते असं, की तीनशे किलोमीटरपलीकडच्या डॉक्टरला सगळं कळलं आणि दहा पावलांवरच्या मुकादमाला काही कळलं नाही. चुलत्यांच्या वेळी याच्या उलट होतं. सगळ्या टोळीला माहीत, डॉक्टरला सोडून. माहिती वाटून घ्यावी की नाही, यावर लोक भांडतात तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं, की कुणाला दिसणार हे आधी ठरवा. तुम्ही ते त्या पत्त्याच्या रकान्यापाशीच ठरवलं होतं.

बाकीचं भराभर सांगते. पोषणाचे पैसे खात्यावर येत राहिले, आधी महिन्याला ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. ठिकाण बदललं म्हणून ते अडले नाहीत. मायची छाती तपासली, तिला काही निघालं नाही, तरी प्रतिबंधाच्या गोळ्या तिनं पूर्ण केल्या. हंगाम या खेपेला लवकर आटोपला, मार्चच्या सुरुवातीलाच पट्टा पडला. टोळी परतली, त्यामागं नोंदही परत तुमच्याकडे आली. शेवटचा बेडका तुम्हीच घेतलात. निगेटिव्ह. वजन ५२ किलो. पोर्टलवर 'बरे झाले' असा शेरा टाकून तुम्ही मला त्याचा फोटो पाठवलात, नाव झाकून.

अण्णांना मी विचारलं, ताईंना काय लिहू? ते म्हणाले, "सांग, मी एक बी दिवस चुकवला नाही." ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण त्यांना ते सांगायचंच होतं.

उपचार संपल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासायचं, असं तुम्ही सांगितलं होतं. सप्टेंबरची तपासणी झाली. पुढची मार्चमध्ये पडते, आणि या वेळी टोळी बेळगावकडे, कर्नाटकात जायचं म्हणतेय. अण्णा पोचले की गावाचं नाव पाठवते.

तुमची,
त्या रकान्यात जिचा नंबर आहे ती