खिद्रापूरचे खांब मोजायला लावणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून वास्तू उभारण्याचा संगणकावरील खेळ खेळणाऱ्या आमच्या समूहाने परिसरातील वास्तू या विषयावर प्रवेशिका मागवल्या होत्या. त्यांत मी उभारलेले खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर निवडले गेल्याचे आपणास फोनवर कळवले, तेव्हा आपण “बरं झालं, आता गाभारा कधी?” एवढेच विचारून फोन ठेवलात आणि आभार मानायचे राहून गेले. ते सर्वांसमक्ष मानावेत म्हणून हे पत्र.

माझी आधीची प्रवेशिका परत आली होती, आणि ती परत येणेच रास्त होते. खेळातील बांधकामाची पडद्यावरून टिपलेली तेवीस चित्रे मी पाठवली होती. त्यांतील निम्मी कृत्रिम धुक्यात बुडालेली होती आणि उरलेल्यांत खालच्या पट्टीतील अवजारे तशीच दिसत होती, कारण एफ१ ही कळ दाबली की ती पट्टी लपते, एवढेही करण्याचा मी आळस केला होता. त्यातून खांब दुसऱ्या कोणी घडवलेले, आणि त्याचे श्रेय मात्र कुठेच दिलेले नव्हते. आयुष्यात कधी हा खेळ न खेळलेल्या आपण राजारामपुरीतील घरी ती चित्रे शांतपणे पाहिलीत आणि विचारलेत, “ह्यात मी नेमकं कुठं बघायचं?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्याच रविवारी आपण मला एस.टी.ने खिद्रापूरला नेलेत. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरातील रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या तळ्याकाठी बसून चित्रे काढत, हे आपण वर्गात अनेकदा सांगितले होते; पण मोबाइल खिशात ठेवून दोन तास नुसते पाहत बसणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी उमगले. स्वर्गमंडपाच्या छतातील गोल झरोका सुमारे तेरा फुटांचा आहे, त्याच्या बरोबर खाली वर्तुळाकार रंगशिला आहे आणि भोवती बारा खांबांचे कडे आहे. खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर मानतात. त्या मापाने झरोका जेमतेम चार ठोकळ्यांचा होतो आणि चार ठोकळ्यांत गोलाई येत नाही. “मग फुटाला एक ठोकळा धर,” असे आपण सहज म्हणालात आणि आलेखवहीत तेरा चौकोनांचे वर्तुळ आखून दिलेत. तेरा ही विषम संख्या असल्याने मधोमध एक ठोकळा येतो आणि चारही बाजू त्यावरून मोजता येतात.

दगडावरून मात्र मी आपल्याशी वाद घातला. मंदिर बेसाल्टचे आहे, खेळातही २०२० पासून बेसाल्ट आहे, तेव्हा तोच वापरायचा, असा माझा हट्ट होता. त्या ठोकळ्याच्या अंगावर उभे पट्टे असतात, त्यामुळे भिंत लाकडी फळ्यांची वाटू लागली. “नावावर जाऊ नको, रंगावर जा,” हे आपले म्हणणे मानून मी डीपस्लेट आणि अँडेसाइट हे खेळातील करड्या दगडांचे ठोकळे मिसळले. खांबही स्वतः घडवले: तळाशी पूर्ण ठोकळा, मध्ये भिंतीचा बारीक ठोकळा आणि माथ्यावर उलट्या पायऱ्या. मूळ खांब चौकोनातून अष्टकोनात आणि पुढे गोलात शिरतो, ते सौंदर्य यात नाही. आणि नाही हे मी प्रवेशिकेच्या मजकुरात लिहूनही टाकले.

शेवटी चारच चित्रे पाठवली. त्यांतले एक अर्धवट बांधकामाचे होते, कारण काम स्वतःचे असल्याचा तो सर्वांत साधा पुरावा ठरतो. पहिले चित्र आपल्या सांगण्यावरून घेतलेले. कार्तिक पौर्णिमेला चंद्र झरोक्यावर येतो, हे आपण परतीच्या वाटेवर सांगितले होते. खेळात चंद्राच्या आठ कला असतात, नव्या जगाची पहिली रात्र पौर्णिमेचीच असते आणि मध्यरात्री चंद्र थेट डोक्यावर येतो. मी रंगशिलेवर उभा राहून वर पाहिले, तर झरोक्याच्या मधोमध चंद्र होता. खेळातला असल्यामुळे तो चौकोनी होता, पण परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच चित्राविषयी विचारला.

गाभाऱ्याआधी गजपट्टाचे, म्हणजे मंदिराच्या तळाभोवतीच्या हत्तींच्या रांगेचे, काम उरले आहे. हत्तीची सोंड फुटाच्या ठोकळ्यात काही केल्या वळत नाही. येत्या रविवारी आलेखवही घेऊन येतो. एका हत्तीची बाह्यरेषा तेवढी काढून द्यावी, ही विनंती.

आपला विद्यार्थी,
कोल्हापूर