पताकांचा ठसा चिरला, ट्रेडलचे रूळ गेले : लाकूड, मांजरपाट, कोरडी खोली आणि हात यांसाठी आवाहन

सर्व पेठकर, दिंडीचालक, भजनी मंडळातल्या भगिनी आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेली आपली मंडळी यांस रामकृष्णहरी.

चैत्र संपत आला की मंडळाच्या ओसरीवर दोन प्रश्न सुरू होतात. दिंडीवाले विचारतात, "पताका कधी मिळतील?" बायका विचारतात, "यंदा जिवतीचा कागद आहे ना?" पताका आणि जिवतीचा पट, म्हणजे लेकरांसाठी पुजायचे छापील चित्र, दोन्ही आपण ओसरीवरच छापतो. पण दोन्हींचे खरे उत्तर आजच्या घडीला "सांगता येत नाही" असे आहे. जरा सविस्तरच लिहितो. मागच्या आवाहनात थोडक्यात लिहिले, तर "नक्की काय हवंय ते कळलंच नाही" असे आम्हालाच ऐकावे लागले.

पताकांवर 'राम कृष्ण हरी' उमटवणारा शिसवी ठसा उभा चिरला आहे. चीर बरोबर 'कृष्ण'मधून जाते आणि रंग लावला की 'ष्ण'चा नुसता डाग उमटतो. गेल्या हंगामानंतर कुणीतरी ठसा पाण्यात भिजवून घासला आणि वाळायला उन्हात ठेवला. कोणी केले ते विचारत बसायचे नाही असे बैठकीत ठरले आहे. पण पुढे लक्षात असू द्यावे. कापडावरच्या रंगाचा ठसा वापरल्याबरोबर ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने पुसायचा, सावलीत आडवा ठेवायचा आणि पुरता वाळला की तेलाचा हात द्यायचा. दुसरे म्हणजे ट्रेडलचे, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्राचे, शाई लावणारे तिन्ही रूळ गेले. ते जुन्या पद्धतीचे, सरस आणि गुळाचे ओतीव रूळ होते. उन्हाळ्यात पाझरतात, पावसात फुगतात, आणि एकदा खड्डा पडला की शाई पट्ट्यापट्ट्यांनी लागते. आता रबर चढवून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

काय हवे ते सांगण्याआधी ज्यांच्या जिवावर इथवर आलो त्यांची आठवण काढली नाही तर ते बरे दिसणार नाही.

ऑफसेट छपाई आल्यावर प्रेसवाल्या काकांचे काम बसले. भंगारवाला ट्रेडल वजनावर न्यायला आला, तेव्हा काकांनी त्याला परत पाठवले आणि यंत्र मंडळाला दिले. फ्लायव्हील वेगळे काढून हातगाडीवरून दोन खेपांत आणले. सोबत खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसा आल्या, जोडाक्षरांच्या खणांसकट. काका रोज संध्याकाळी येऊन बसत. आपल्या पोरांना पॅकिंग (कागदामागची बैठक) कसे करायचे, कागद खुणेला कसा लावायचा आणि मुख्य म्हणजे हात वेळेवर मागे कसा घ्यायचा, हे त्यांनीच शिकवले. आजवर ओसरीवर एकाचेही बोट चेंगरले नाही, ती त्यांची पुण्याई. सुतारमामांनी आजोबांच्या पलंगाचा शिसवी पाया कापून पहिला ठसा दिला. नवे लाकूड दिले असते तर तो दोन पावसाळ्यांतच वाकडा झाला असता. चित्रकलेच्या बाईंनी घरोघरचे जुने, तेलकट, कुंकवाने माखलेले पट मागून आणून त्यावरून आपल्या जिवतीच्या रेघा काढल्या. शिंपी आळीतले दोघे भाऊ दरवर्षी पताकांची शिलाई करून देतात, दोरा त्यांचाच. कापडवाल्यांनी दोनदा मांजरपाटाचा अख्खा ताका दिला आणि नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. दवाखान्यातून जुने एक्स-रे आले, ते रंगाचे साचे कापायला फार कामाला आले. धुऊन साफ केलेल्या एक्स-रेच्या फिल्मचा साचा शे-दोनशे पट रंगवले तरी मऊ पडत नाही. पुठ्ठ्याचा साचा वीस पटांत भिजून लोळागोळा होतो.

देवाचे चित्र छापून घरोघर पोचवायचे, हे आपल्याकडे काही नवीन नाही. मिरजेला १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या यंत्रावर, पंचांग छापले. शाईत चरबी असेल या शंकेने सोवळ्यातली माणसे छापील पोथीला शिवत नसत, म्हणून त्या काळी तुपाची शाई केल्याचे सांगतात. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली आणि तिथली देवादिकांची चित्रे भिंतीभिंतीवर गेली. आपली ओसरी त्या मानाने फारच लहान. आणि आजही एखाद्या आजी विचारतातच, म्हणून सांगतो : आपली शाई जवसाच्या तेलातली आहे, निःशंक पूजेला लावा.

आता पताका. एका पताकेला किती खटाटोप आहे हे घेऊन जाणाऱ्याला दिसत नाही.

मांजरपाट कोरा, ३६ इंच पन्ह्याचा. आधी त्याची खळ काढायची : रात्रभर पाण्यात, सकाळी धुण्याचा सोडा घालून तासभर उकळी. ही पायरी चुकवली की रंग खळीवर बसतो आणि पंढरीजवळच्या वाखरीपर्यंत पोचायच्या आत पोपडे निघतात. उकळल्यावर कापड मीटरमागे पाच-सात सेंटीमीटर आटते, पन्हा ३४ इंचांवर येतो. म्हणून ५०० पताकांना हिशेबाने १२५ मीटर लागत असले तरी घ्यायचे १३५. शिल्लक ४० मीटर आहे, म्हणजे आणखी ९५ मीटर हवा.

पूर्वी आपण कावेत रंगवत होतो. काव दिसायला देखणी, पण पहिल्याच सरीत उतरते, आणि वारकऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याचा खांदा तांबडा करते. आता रिअॅक्टिव्ह भगवा, म्हणजे सुताशी पक्का जुळणारा रंग, वापरतो. किलोभर कापडाला ३० ग्रॅम रंग, वीस लिटर पाणी, लिटरमागे ५० ग्रॅम मीठ. मीठ तीन हप्त्यांत घालायचे, कापड सारखे हलवत राहायचे. अर्ध्या तासाने लिटरमागे २० ग्रॅम सोडा अॅश वेगळ्या पाण्यात विरघळवून सावकाश ओतायचा, पुढे तासभर ठेवायचे. सोडा रंगाबरोबरच टाकला तर रंग पाण्यातच खर्ची पडतो आणि कापडावर ढग उठतात. शेवटी साबणाची उकळी, सुटा रंग जाईपर्यंत. आपल्या पिंपात एका वेळी चार किलो कापड बसते, म्हणजे चार घाणे.

छापणे कापण्याच्या आधी. ३४ इंच लांब आणि ५० सेंटीमीटर रुंद तुकडा कर्णावर कापला की दोन त्रिकोणी पताका निघतात. पण दुसरी पताका पहिलीच्या उलट फिरलेली असते, म्हणून तुकड्यावरचा दुसरा ठसा उलटा मारायचा. एका वर्षी उत्साहाने सगळे ठसे एकाच दिशेने मारले गेले आणि निम्म्या पताकांवर हरिनाम डोक्यावर उभे राहिले. तेव्हापासून टेबलावर खडूने बाण काढून ठेवतो. टेबलावर खाली गोधडी, वर कांबळे, त्यावर धुतलेले धोतर. बैठक कडक असली तर अक्षर तुटक येते, फार मऊ असली तर कान्यामात्रा फुगतात. रंगाची गादी दर वीस-पंचवीस ठशांनी खरवडावी लागते, कारण बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) सुकून कडेला साय धरतो. छापल्यावर पूर्ण दिवस वाळवून उलट बाजूने सुती कपड्याच्या गरमीची इस्त्री चार-पाच मिनिटे, तेव्हा कुठे रंग पक्का होतो. सगळ्यांत कंटाळवाणे काम हेच, आणि माणसे कमी पडतात तीही इथेच. कर्णाची कड तिरक्या धाग्यावर असल्याने शिवताना ओढली की लांबते, मग पताका काठीला घोळदार लटकते. म्हणून त्या कडेला नाडी घालून शिवतात. हे शिंपीबंधूंना सांगावे लागत नाही, पण मदतीला बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

लोखंड-गुळाच्या पाण्याचा काळा रंग करावा अशी सूचना वारंवार येते. गंजके लोखंड आणि गूळ पंधरा-वीस दिवस मुरवून, चिंचोक्याच्या खळीत घालून, हिरड्यात बुडवलेल्या कापडावर छापले की काळा असा येतो की बघत राहावे. पण लोखंड जरा जास्त झाले की ते सूत खाते. दोन वर्षांनी पताकेत अक्षरांच्या आकाराची भोके पडतात. नमुना ओसरीवर टांगलेला आहे, शंका असल्यास पाहून घ्यावा. तिबेटी लोकांचे मंत्राचे झेंडे, आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतही ते पाहायला मिळतात, मुद्दाम पातळ कापडाचे असतात. निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा असे ओळीने लावतात आणि वाऱ्यावर विरून गेले तरच ते सार्थकी लागले असे मानतात. आपली पताका मात्र आळंदीपासून पंढरीपर्यंत पावसात एका खांद्यावर टिकायची आहे. तेव्हा "पातळ कापड घ्या, स्वस्त पडेल" हा सल्ला कृपया आता पुरे.

जिवतीचा पट. वर नृसिंह आणि कालियामर्दन कृष्ण, मध्ये पाळणे आणि लेकरांसह जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. चित्र लिनोवर (कोरायला मऊ अशा लिनोलियमच्या पत्र्यावर) कोरलेले आहे, ९ बाय १३ इंच. लिनो ३.२ मिलिमीटर, खाली १९ मिलिमीटरची प्लाय, एकूण २२.२. खिळ्याची उंची २३.३. मधले १.१ मिलिमीटर पुठ्ठ्याने भरायचे, अंदाजाने नाही, मोजून. जास्त झाले तर रूळ कोरलेल्या खळग्यातही शाई भरतात आणि लेकरांची तोंडे काळी होतात. कमी झाले तर नेमका हत्ती पुसट येतो, कारण तो कोपऱ्यात आहे.

कागद हातकागद, १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम), २२ बाय ३० इंचांचा. एका तावाचे चार पट होतात, ६०० पटांना १५० ताव, नासधूस धरून १६५. हातकागदात मधेच लगद्याची गाठ असते, ती दाबाखाली आली की लिनोची बारीक रेघ कायमची चेपते. म्हणून प्रत्येक ताव बोटांनी चाचपून घ्यायचा. या कामाला डोळ्यांपेक्षा बोटे तरबेज लागतात, वयस्कर मंडळींनी जरूर यावे. शाई पातळ असली तर रेघेभोवती तेलाची पिवळी कड फुटते, म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घालून ती घट्ट करायची. साच्यातून भरायचे रंग पोस्टर कलरचे चालत नाहीत. गंधाचा ओला थेंब आणि आघाड्याची ओली माळ लागली की ते ओघळतात. पताकांवरच्या अक्षरांचाच पिगमेंट रंग इथेही.

खरी अडचण वाळवणाची. कोरड्या हवेत शाई एका दिवसात धरते, आषाढात तीन दिवस घेते. ओसरीच्या दोऱ्यांवर ८० पट मावतात. म्हणजे ६०० पटांना आठ फेऱ्या, चोवीस दिवस, आणि रंगकाम त्यानंतर. घाई करून एकावर एक ठेवले की एकाचा नृसिंह दुसऱ्याच्या पाठीवर उमटतो. एखाद्याची रिकामी, न गळणारी खोली तेवढ्या काळापुरती मिळाली तर निम्मी चिंता मिटेल.

आता थोडे मनातले. मागच्या आवाहनाला तिघे जण आले, त्यातले दोघे चहा घेऊन गेले. पट मात्र दिव्याच्या आवसेच्या दुपारपर्यंत एकही उरला नाही. "बाजारात दहा रुपयांत मिळतो की" असेही कानावर आले. मिळतो, आणि तो पूजेला चालतो, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण मग संध्याकाळी ओसरीवर येऊन "आमच्या नावचा ठेवला नाही?" असे रागावू नये. पट आणि पताका आपण विकत नाही, विकणारही नाही. दिंड्यांना आणि घरांना त्या तशाच जातील. फक्त नेणाऱ्या हातांपैकी काही हात आधी यावेत, एवढेच.

तर हवे ते असे. शिसव, जुने व मुरलेले, ९ बाय ४ इंच, जाडी अडीच इंच, गाठ नको, हे अक्षयतृतीयेपर्यंत, कारण कोरायला आठ दिवस आणि तेलात मुरायला पंधरा. मांजरपाट ९५ मीटर किंवा त्याचे पैसे. हातकागद १६५ ताव. तीन रुळांना रबर. रंग, मीठ, सोडा, शाई. सगळा अंदाज २८ हजार, हाती ९ हजार. रोख, चेक किंवा ओसरीच्या दारावरचा क्यूआर, पावती मागून घ्यावी, वस्तू दिल्यास तीही वहीत नोंदवावी. खळ व रंगाचे काम वटपौर्णिमेआधीच्या दोन रविवारी सकाळी ७ पासून, छपाई व इस्त्री त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ६ ते ८. दिंड्यांनी पताकांचा आकडा वटपौर्णिमेपर्यंत लेखी कळवावा, पालख्या पुढच्या आठ दिवसांत निघतात, नंतरचा आकडा धरला जाणार नाही. पटांची छपाई वटपौर्णिमेनंतर लगेच, रंगकाम आषाढी एकादशीनंतर दुपारी ३ ते ५, वाटप दिव्याच्या आवसेला सकाळी ९ पासून, घरटी एक. ट्रेडलवर शिकवल्याशिवाय कुणीही बसू नये, पदर व ओढणी खोचून यावे. बाहेरगावच्यांनी पट टपालाने हवा असल्यास स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले मोठे पाकीट पाठवावे, घडी घालून पाठवणार नाही.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. इस्त्र्या घरून आणाव्यात, ओसरीवर दोनच आहेत आणि त्यातल्या एकीची वायर तुटली आहे. दवाखान्याचे जुने एक्स-रे अजूनही चालतील.